पाठीवरचा नंबर

सायकल शर्यतीच्या यादीत प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या संघाचं नाव छापलेलं असे. हिरवे, पिवळे, पोस्टवाले, असं काहीबाही. हिच्या नावापुढे त्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ असे, कारण हिला संघच नव्हता. पहिल्या वर्षी कोणीतरी थट्टेने तिला ‘रेघ’ म्हणालं आणि दुसऱ्या वर्षापर्यंत तेच नाव पडलं. लहान मुली तर आदराने ‘रेघताई’ म्हणायला लागल्या. वय झालं की थट्टेलाही ताई-माई लावावी लागते.

रेघ चौतीस वर्षांची होती आणि कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत. त्यांत ती प्लास्टर ओतायची, वाळलेल्या साच्यावर मेण चढवायची आणि मेणात एकेक दात रोवायची. दिवसाला दहा-बारा तोंडं तिच्या हाताखालून जात आणि त्यातलं एकही बोलत नसे. शेजारच्या टेबलावरचा माणूस कानात गाणी घालून बसे. पाच वाजले की ती नखांतलं प्लास्टर काढायची आणि सायकलवर बसून गावाबाहेर निघून जायची.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. सायकल पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला टेकलेली असे. भिंतीवर टायरचा काळा पट्टा उमटला होता, त्यावरून घरमालकाने दोनदा ऐकवलंही होतं. घरात ताटं दोन होती, पण त्यातलं एक सायकलची साखळी धुवायला लागलं होतं, आणि त्यावाचून कधी काही अडलं नव्हतं. रविवारी भावाचा फोन यायचा.

“अजून सायकलच का?”

“सायकलच.”

“बरं. जपून.”

मग वहिनीची खुशाली, पोरांची परीक्षा, आणि फोन बंद. भावाचं काही चुकत नव्हतं. काय विचारावं ते त्याला कळत नव्हतं आणि काय सांगावं ते हिला.

पूर्वी तिलाही संघ होता. चार वर्षं ती हिरव्यांकडे होती. एक रंगाचा दुकानदार थोडेफार पैसे घालायचा, म्हणून जर्सी त्याच्या पाटीसारखी हिरवीगार. संघ हौशी. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच आहे, कारण कोणी देतच नाही. पण संघ बाकी बरंच देई. दोन जर्सी देई, शर्यतीची फी भरी, गाडीतून नेई-आणी. शर्यतीत मागून संघाची गाडी येई, तिच्या टपावर जादा चाकं असत. चाक पंक्चर झालं तर हात वर करायचा, की मेकॅनिक पळत येऊन दुसरं बसवी. चढाच्या माथ्यावर कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन उभं असे आणि ते नेमकं तुझ्यासाठीच उभं असे. आणि परतताना गाडीत डोळा लागला की डोकं शेजारणीच्या खांद्यावर जाई. हे शेवटचं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण तिला सगळ्यांत जास्त आठवायचं तेच.

मग एका उतारावर ती पडली, खांद्याचं हाड मोडलं, हंगाम गेला. संघात जागा आठ. तिच्या जागी दुसरी आली आणि चांगली निघाली. कोणी वाईट वागलं नाही. वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं.

एकटीने शर्यत खेळायला बंदी नाही. फी भरा, पहाटे उठून सायकलनेच वीस-पंचवीस किलोमीटर शर्यतीच्या जागी जा, दोन बाटल्या आणि खिशात मावेल तेवढं खाणं घ्या आणि पंक्चर होऊ नये म्हणून मनात म्हणत राहा. हे सगळं तिने निभावलं. तिचं अडलं ते एका भलत्याच गोष्टीत, पाठीवरच्या नंबरात.

सायकलवाल्यांचा नंबर कमरेच्या उजव्या अंगाला, मागच्या खिशांवर सेफ्टी पिनांनी लावतात. तो जर्सी अंगात घातल्यावरच लावावा लागतो. जर्सी टेबलावर पसरून लावला तर अंगात चढल्यावर तो फुगतो आणि वाऱ्यात फडफडतो. आणि पाठीशी आपले हात पोचत नाहीत. ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणणाऱ्याने सायकलची शर्यत पाहिलेली नसणार. कोणाला आई नंबर लावून देई, कोणाला नवरा, कोणाला संघाचं माणूस. एकटी पडल्यावरच्या पहिल्या शर्यतीत रेघ हातात नंबर घेऊन मैदानभर फिरली. “जरा लावून देता का?” हे चार शब्द तिला चढापेक्षा जड गेले. शेवटी तिने एका अनोळखी माणसाला विचारलं. त्याने इतकं अंग चोरून नंबर लावला की पहिल्याच वळणाला तो एका कोपऱ्यावर लोंबायला लागला.

दुसऱ्या शर्यतीला मैदानाच्या कडेने हाक आली, “ए, इकडे ये गं. भीक मागत फिरू नकोस.”

त्या हिरव्यांच्या काकू. खऱ्या काकू कोणाच्याच नव्हत्या, पण सगळा संघ त्यांना काकूच म्हणायचा. शर्टाच्या कारखान्यात तीस वर्षं काजं करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांची लेक एके काळी हिरव्यांकडून सायकल मारायची, ती लग्न करून दूरच्या देशात गेली. लेक गेली, पण काकू राहिल्या. दर शर्यतीला त्या संघाच्या गाडीतून येत, घडीचं टेबल मांडून, छातीवर ‘मदतनीस’ असा पितळी बिल्ला लावून बसत. समोर पिनांचा डबा. दुकानदाराच्या उरलेल्या रंगात प्रत्येक पिनेचं डोकं त्यांनी बुडवून ठेवलं होतं, म्हणजे पडलेली पिन कोणाची ते कळावं. दुसरे संघ नंबराला चार पिना लावत, काकू आठ.

“टेबल हिरव्यांचं आहे,” रेघ म्हणाली होती. “संघाचे मामा रागावतील.”

“आपल्या आठजणी झाल्या की नववी तू. मामाला मी बघते.”

काकूंची एक पद्धत होती. डावा हात त्या आधी जर्सीच्या मागच्या खिशात घालत, आतून कापड ताणून धरत आणि वरून उजव्या हाताने पिन लावत. पिन खिशाच्या वरच्या कापडातूनच जाई, आतल्या कापडाला शिवत नसे. त्यासाठी खिसे रिकामे लागत. जगात आधी पोटोबा मग विठोबा. काकूंच्या टेबलावर आधी पिना, मग पोटोबा. सगळ्या आठ पिना लागल्या की त्या पाठीवर एक चापटी मारत आणि म्हणत, “पळ.”

पंधरा दिवसांतून एकदा, चार मिनिटं. रेघने एकदा मनाशी विचार केला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्या चार मिनिटांखेरीज तिच्या पाठीला कोणाचाही हात लागत नाही. तिला रडू आलं नाही, पण त्या रात्री तिने भात करपवला.

हंगामाच्या शेवटी हिरव्यांमधली एक मुलगी नोकरीसाठी दुसरीकडे निघाली. संघाचे मामा, म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारे, सगळ्यांवर ओरडणारे आणि कोणाला न दुखावणारे गृहस्थ, रेघपाशी येऊन म्हणाले, “हे बघ, जागा एकच आहे. तीन पोरी मागतायत. तुझं वय मी काढत नाही, पण बाकीचे काढतात. शेवटच्या शर्यतीत पहिल्या दहांत ये. मग कोणी काही बोललं तर मी बघतो.”

“पहिल्या दहांत?”

“दहावी आलीस तरी चालेल. अकरावी आलीस तर मला तोंड दाखवू नकोस. म्हणजे दाखव, पण जागा मागू नकोस.”

त्यानंतरचे दोन महिने ती कामाहून सुटली की थेट चढावर जायची. कवळ्यांच्या प्रयोगशाळेत मेणात दात रोवताना पायाच्या पोटऱ्या टेबलाखाली ताणायची. रविवारी भावाला म्हणाली, “कदाचित मला संघात घेतील.” भाऊ म्हणाला, “म्हणजे तुला कोणी सोबत असेल?” त्याने हे विचारलं याचंच तिला फार नवल वाटलं.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी समोरून वारा होता. ती पोचली तेव्हा निघायला दहा मिनिटं उरली होती. काकूंच्या आठजणी केव्हाच झाल्या होत्या आणि काकू डब्याचं झाकण लावून बसल्या होत्या.

“आलीस का! मला वाटलं सोडून दिलंस. नंबर दे.”

रेघने दिला. काकूंनी तो पाठीला लावून पाहिला.

“उलटा धरलाय, काकू.”

“तुझी परीक्षा घेत होते गं.” काकू हसल्या. पण नंबर सुलटा करून त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, आकडा चाचपावा तसं. रेघने ते पाहिलं, पण तेव्हा तिच्या मनात ते शिरलं नाही. मग काकूंनी नेहमीप्रमाणे खिशात हात घातला आणि थबकल्या.

“हे काय? भरून आलीस?”

रेघने जीभ चावली. उशीर होणार म्हणून तिने खाणं घरीच खिशांत भरलं होतं. उजव्या आणि मधल्या खिशात केळी आणि जॅम लावलेल्या पावाचे तुकडे, डाव्यात पंक्चरचं सामान. एकट्या माणसाला सगळं आधी करून ठेवायची खोड लागते.

“काढते.”

“राहू दे, शिट्टी होईल आता. मला दिसतंय.” काकूंनी भरल्या खिशांवरूनच पिना लावायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. नेहमीपेक्षा हळू. पलीकडे मुख्य पंच कर्ण्यावरून नियम वाचत होते. सरकारी कचेरीत जन्म घालवून आलेले हे गृहस्थ प्रत्येक शर्यतीला सगळे नियम वाचत आणि कोणी ऐकत नसे. “नंबर पाठीवर नसेल तर निकालात नाव नाही. बिल्लाधारी मदतनीसाने लावलेला नंबर सुटल्यास बिल्ला जप्त, स्वार पात्र. स्वाराने स्वतः लावलेला सुटल्यास स्वार बाद...”

आठवी पिन लागली. चापटी बसली. “पळ. आणि ऐक, हिरव्या जर्सीचं माप मी मामाला सांगून ठेवलंय.”

तीस किलोमीटरचे तीन फेरे, प्रत्येक फेऱ्यात एक चढ. पहिल्या चढावर अर्ध्या जणी मागे पडल्या. दुसऱ्यावर आणखी. त्या माथ्याशी पोचताना पुढे अकराजणी उरल्या होत्या आणि त्यांत रेघ होती. अकरांतून दहा म्हणजे एकीच्या पुढे राहायचं. इतकं सोपं गणित तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

माथ्यावर हिरव्यांच्या तिघींना बाटल्या मिळाल्या. रेघ आपल्या बाटलीतलं शेवटचं पाणी प्यायली आणि तिने खाण्यासाठी हात मागे नेला. बोटं खिशाच्या तोंडाशी जाऊन अडली. तिने पुन्हा चाचपलं. उजवा खिसा बंद. मधला बंद. पिना वरच्या कापडातून थेट आतल्या कापडात गेल्या होत्या, दोन्ही खिशांची तोंडं शिवल्यागत मिटली होती. आत केळं हाताला लागत होतं, पण बाहेर येत नव्हतं.

आधी तिला हसू आलं. मग उलटा धरलेला नंबर आठवला, आकड्यावरून फिरणारं बोट आठवलं, ‘मला दिसतंय’ आठवलं, आणि हसू जिथल्या तिथे विरलं. काकूंना दिसत नव्हतं. किती दिवसांपासून दिसत नव्हतं कोण जाणे.

सायकलवर पोट रिकामं झालं की भूक लागत नाही, सरळ अंधारी येते. तिसऱ्या चढाच्या पायथ्याशी तिच्या पायांतलं त्राण गेलं. पुढच्या चाकापासून ती हातभर मागे पडली, मग दोन हात. अकरावी. संघाची गाडी असती तर हात वर केला असता, कोणीतरी खिडकीतून पाव तरी पुढे केला असता. तिने मागे पाहिलं. मागे हिरव्यांची गाडी होतीच, मामाही दिसत होते, पण नियमाप्रमाणे ती गाडी तिच्यासाठी नव्हती.

तेव्हा तिने उजवा हात मागे नेला, नंबराची कड मुठीत धरली आणि हिसडा दिला. नंबराचा कागद चिवट असतो, तो फाटला नाही. जर्सी फाटली. खिसा उघडला. तिने केळं दातांनीच सोललं आणि दोन घासांत गिळलं, मग पावाचा एक तुकडा, मग दुसरा. पाच मिनिटांनी रस्ता पुन्हा नीट दिसायला लागला. माथ्याच्या जरा अलीकडे तिने त्या दहाजणींना गाठलं. नंबर दोन पिनांवर पाठीशी फडफडत होता, तो तिला ऐकू येत होता. उतारावर, सगळ्यांत जास्त वेगात, ते फडफडणं थांबलं. का थांबलं ते तिला कळलं, पण उतारावर थांबून नंबर शोधता येत नाही.

ती सातवी आली.

पंचांच्या टेबलापाशी मामा गाडीतून उतरून आले होते, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. ते बघायला तिने काय दिलं नसतं! पंचांनी मात्र वर न बघता विचारलं, “नंबर कुठाय?”

“पडला.”

“कोणी लावला होता?”

रेघने वळून पाहिलं. मैदानाच्या कडेला काकू टेबलाशी बसल्या होत्या. एक हिरवी मुलगी त्यांना काहीतरी सांगत होती आणि काकू तिच्या तोंडाकडे नाही, जरा बाजूला बघून मान डोलवत होत्या. छातीवर बिल्ला चमकत होता. खरं सांगितलं की सातवा क्रमांक तिचा, जागा तिची, हिरवी जर्सी तिची, गाडीतली झोप तिची. आणि काकूंचा बिल्ला जप्त, पुढच्या शर्यतीला टेबल नाही, गाडीत जागा नाही. एखाद्या रिकाम्या घरात रविवारी काय असतं ते रेघला कोणी सांगायला नको होतं.

“मीच लावला,” ती म्हणाली.

पंचांनी आता वर पाहिलं. “स्वतःच्या पाठीवर? हात पोचतात का तुमचे?”

“एकटीने राहिलं की पोचतात.”

मामांचं हसू उतरलं. पंचांनी पट्टी धरून सातव्या नावावर काट मारली. ती काट सरळ होती, निळ्या शाईची. मामा तिच्या मागे चार पावलं आले. “अगं, पण काकूच ना तुला नेहमी...” “आज उशीर झाला होता,” रेघ म्हणाली आणि सायकलवर बसली. घरापर्यंत बावीस किलोमीटर होते आणि वारा अजून समोरूनच होता.

आठ दिवसांनी मामा प्रयोगशाळेत आले. दुपारची सुट्टी होती, शेजारचा माणूस जेवायला गेला होता. मामा कवळ्यांच्या रांगेकडे बघत उभे राहिले.

“जागा त्या तिघींतल्या वेणीवालीला दिली,” ते म्हणाले. “तू सांगितलंस त्यावर माझा विश्वास नाही, पण कागदावर तेच आहे.”

“असू दे, मामा.”

“असू दे काय! पुढचं ऐक. तू गेलीस, त्यानंतर तासाभराने शेवटची गाडी आली. मागे राहिलेल्या पोरींना गोळा करत येते ती. तिच्या ड्रायव्हरला उतारावर तुझा नंबर सापडला. पिनांना हिरवा रंग बघून त्याने तो काकूंना नेऊन दिला. पिनांत जर्सीचं कापड अडकलं होतं. काकूंनी बोटांनी चाचपलं आणि उठल्याच. थेट पंचांकडे. म्हणाल्या, दोन पदर आहेत, वरचा आणि आतला. तीस वर्षं काजं केलीत मी, पदर कळतात मला. हे माझंच काम आहे.”

रेघने हातातला मेणाचा चाकू खाली ठेवला.

“पंच म्हणाले, निकाल लागून तास झाला, सही झाली, आता बदल नाही. पण कबुली दिलीत तर बिल्ला घ्यावा लागेल. काकूंनी तो आधीच काढून टेबलावर ठेवला होता.” मामांनी शिट्टी हातात घेतली, सोडली. “काय बायका आहात तुम्ही! एक बोलली असती तर जागा मिळाली असती, दुसरी गप्प राहिली असती तर बिल्ला राहिला असता. दोघींनी मिळून दोन्ही घालवलंत.”

त्याच संध्याकाळी ती काकूंच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी जुनं शिलाईयंत्र, त्यावर चादर टाकलेली. भिंतीवर हिरव्या जर्सीतल्या लेकीचा फोटो. काकूंनी दार उघडलं आणि आवाज येईपर्यंत तिला ओळखलं नाही. ओळखलं तशा कडाडल्या.

“तुला कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? माझे डोळे गेलेत, तुझी जीभ गेली होती का?”

“काकू, खिसे मी भरून आणले होते.”

“ते मला दिसायला हवं होतं! हाताला लागायला हवं होतं. आठ पिना, एकही चुकायची नाही माझी. दोन वर्षं झाली, डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने नुसत्या कडा दिसतात. कोणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर घरी बसवलं असतं.” त्या खुर्चीवर बसल्या. राग सरला की माणूस एकदम म्हातारं होतं, तशा त्या झाल्या. “तुझी जागा घालवली मी. तुला नको होती का ती?”

“हवी होती,” रेघ म्हणाली. “फार हवी होती. रोज झोपताना मी त्या गाडीत बसायची.”

“मग?”

रेघने शिलाईयंत्रावरची चादर सरळ केली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. “तुमचं टेबल गेलं असतं, तर हिरवी जर्सी घालून मी जायचं कोणाकडे?”

काकू उठून, भिंतीला हात लावत आत गेल्या आणि चहा टाकला. कपांत ओतताना त्यांनी कपाच्या काठावर आत बोट धरलं, चहा बोटाला लागला की थांबायचं. रेघने मदतीला हात पुढे केला नाही. काकूंना ते कळलं आणि आवडलंही.

पुढच्या हंगामाची पहिली शर्यत आली तेव्हा सकाळी हवा गार होती. रेघ सहा वाजता काकूंच्या दारात सायकल लावून उभी राहिली, जर्सी अंगात, नंबर हातात, खाणं पिशवीत. फाटलेला खिसा काकूंनी थंडीत शिवून दिला होता. टाका बोटांना जाणवत होता, डोळ्यांना दिसत नव्हता.

“खिसे रिकामे?”

“रिकामे.”

“तुझा हात घाल आत. माझ्या एका हाताला आता कागद धरायला लागतो.”

रेघने आपला हात पाठीमागे नेऊन खिशात घातला, आतून कापड ताणून धरलं. वरून काकूंची बोटं तिच्या बोटांवरून फिरली, मध्ये जर्सीचं पातळ कापड. बोटांनी जागा ठरवली, पिन आली. एक. दोन. घरात दुसरा आवाज नव्हता. पाचव्या पिनेला रेघचं बोट किंचित दचकलं.

“टोचलं का गं?”

“नाही.”

“खोटं बोलायची सवयच लागलीय तुला.” सहा, सात, आठ. मग काकूंनी नंबरावरून पूर्ण तळवा फिरवला, चारी कोपरे दाबून पाहिले. “आता भर पोटोबा.” आणि चापटी. “पळ.”

मैदानात हिरव्यांची गाडी उभी होती. वेणीवाली मुलगी दारात बसून केस बांधत होती, तिने हात हलवला. घडीचं टेबल होतं, त्याच्याशी एक नवीन माणूस चार चार पिना लावत होता. रेघ त्याच्यासमोरून आपली सायकल हाताने ढकलत गेली आणि निघायच्या रेषेपाशी एकटी उभी राहिली. बोटाला लालसर ठिपका होता, तो तिने ओठांनी पुसला.

मुख्य पंच एकेकीचा नंबर तपासत आले. तिच्यामागे थांबले, वाकले, कोपऱ्याखाली बोट घालून पाहिलं. नंबर हलला नाही. त्यांनी यादीत तिचं नाव शोधलं, त्यापुढची रेघ पाहिली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“या वेळीही स्वतःच लावलात का?”

“नाही,” ती म्हणाली. “घरच्यांनी लावला.”

पंचांनी तिच्या आजूबाजूला पाहिलं. दोन्ही बाजूंना कोणी नव्हतं.

“कुठे आहेत?”

“घरी.”